नवरात्रातली गोळी

दादाचा फोन आला तेव्हा दुकानात एक आजोबा उभे होते. खोकल्याचं औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर, हे ते मला दुसऱ्यांदा विचारत होते. फोनवर दादा एवढंच म्हणाला, "अनंता, वनिता गेली रे." मी "हां" म्हणालो. मग आजोबांना सांगितलं, जेवणानंतर, झाकणभर, दिवसातून तीन वेळा. बाटलीवर पेनानं तीन रेघाही मारून दिल्या. ते सावकाश पायऱ्या उतरून गेले आणि मग मी खाली बसलो. बातमी ऐकली आणि हातपाय गळाले, असं लोक लिहितात. माझे गळाले नाहीत. बावीस वर्षं मी शेणव्याच्या नाक्यावर औषधं विकतोय. समोरच्याला जे ऐकायचं असतं ते शांत चेहऱ्यानं सांगायची सवय तोंडाला लागली आहे. त्याच सवयीनं आमच्या वहिनीचं वाटोळं केलं. ते कसं, हे सांगायला मला तिच्या जाण्याची वाट पाहावी लागली, यातच माझी लायकी कळावी.

वनितावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. सिद्धगडाच्या पायथ्याची, मुरबाडकडची. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा माझा फार्मसीचा अभ्यास चालू होता. तिच्याहून मी वर्षाने मोठा, पण नात्यानं धाकटा दीर, त्यामुळे थट्टेचा हक्क तिचा. औषधांची लांबलचक नावं मी मोठ्यानं पाठ करायचो आणि ती चुलीपाशी बसून मला चिडवायची, "भावोजी, यातलं एक नाव आपल्या म्हशीला ठेवा, लवकर दूध देल." मी दुकान काढलं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून तीच पुढे आली. डोकेदुखीची गोळी मागितली. मी विचारलं, "डोकं दुखतंय?" तर म्हणाली, "नाय, पण तुमच्या दुकानाची सुरुवात कुणाच्या दुखण्यानं नको. माझ्या खोट्या दुखण्यानं होऊ द्या." असं ती बोलायची. हसता हसता एखादं वाक्य असं टाकायची, की दोन दिवसांनी त्याचा अर्थ आपल्याला कळावा...

दादा भातसाच्या धरणावर नोकरीला. भातसानगरच्या वसाहतीत त्याला खोली होती, पण आई गावातलं घर सोडेना, म्हणून वहिनीही गावातच राहिली आणि दादा ये-जा करायचा. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. वहिनीची पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी यायची, कधी येऊन थांबायचंच नाव घ्यायची नाही. सोनोग्राफीत दिसलं की अंडाशयात बारीक बारीक पिशव्यांची माळ आहे, डाळिंब फोडल्यावर दाणे दिसावेत तशी. आजकाल हा आजार घरोघरी ऐकू येतो. तेव्हा आमच्या गावाला तो आजार वाटला नाही, दोष वाटला. ठाण्याच्या एका दवाखान्यात दादानं तिला नेलं. तिथे बारा दिवस रोज इंजेक्शन. अंडी पोटातच मोठी करायची आणि मग काढायची, ही नेहमीची रीत. पण वहिनीच्या अंगाला ती झेपली नाहीत. एकाच वेळी सगळ्याच पिशव्या फुगल्या, पोटात पाणी झालं, श्वास लागला. सहा दिवस ती दवाखान्यात पडून होती. मी भेटायला गेलो तेव्हा फुगलेल्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "बघा भावोजी, राहिलं की नाय पोट?" नर्ससुद्धा हसायची थांबली.

त्यानंतर ती अंगाला सुई लावू देईना. वर्षभरानं मीच औषध कंपनीच्या एका प्रतिनिधीकडून कल्याणच्या डॉक्टरबाईंचं नाव ऐकलं आणि मीच दादाच्या मागे लागलो. हे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, म्हणून सांगतो. बाई पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या, पण समजावून सांगताना टेबलावरचा कागद ओढून चित्र काढायच्या. त्या म्हणाल्या, हिच्यासारखीला जोराची इंजेक्शनं द्यायचीच नाहीत. तीन-चार दिवस अगदी थोडं औषध द्यायचं, अंडी कच्ची असतानाच सुईनं काढून घ्यायची आणि प्रयोगशाळेत, उबेच्या पेटीत, पोषण मिळेल अशा द्रवात ठेवून ती बाहेर पिकवायची. दीडेक दिवसात जी पिकतील त्यांच्याशी नवऱ्याचं बीज जुळवायचं. पोट फुगण्याचा धोका जवळजवळ नाही. सगळीच पिकत नाहीत, हमी कोणीच देऊ शकत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. दादा गोंधळून माझ्याकडे बघत होता. वहिनीला मात्र पहिल्या झटक्यात कळलं. "म्हंजे आंब्याची अढीच की," ती म्हणाली. "झाडावर पिकू द्यायचा तर पाखरं खातात. कैरी उतरवायची आन् पेंढ्यात घालायची." बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "इतकं सोपं मला आजपर्यंत सांगता आलं नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरात फार्मासिस्ट आहे, हे बरं आहे. गोळ्या-औषधांची मला काळजी नाही."

त्या एका वाक्यानं मी फुगलो. घरी येताना सगळ्या रस्त्यानं मी दादाला समजावत होतो, कुठली गोळी कशासाठी, गर्भाशयाचं अस्तर कसं तयार व्हावं लागतं, तो जणू बिछाना, बिछाना वेळेत अंथरला गेला तरच गर्भ त्यावर टेकणार. लवकर अंथरून गुंडाळला गेला तर पाहुणा दारातूनच परत. हे मला ठाऊक होतं. कोणी म्हणेल की अनंताला माहीत नव्हतं, तर तसं नाही. मी दादाला गाडीत बसून हे सांगितलंय.

तारखा पडल्या त्या नवरात्रात. आणि त्या वर्षी भावकीच्या देवीचा मान आमच्या घरी होता. आमच्या भावकीत सात घरं. देवीचे टाक दर वर्षी एका घरी जातात आणि त्या घरी नऊ दिवस घट बसतो, रोज सातही घरची माणसं आरतीला येतात. ज्या घरी घट त्या घरच्या थोरल्या सुनेनं रोज माळ बांधायची, नैवेद्य रांधायचा. नऊ दिवस घरात विटाळ नको. विटाळ झाला तर घट हलवावा लागतो, आणि हलवलेल्या घटाची गोष्ट मग पिढीभर चालते. मी म्हणालो होतो, उपचार महिनाभर पुढे ढकलू. आई ऐकेना. तिचं म्हणणं, सात वर्षांनी देवी आपल्या घरी येते आणि त्याच दिवसांत बीज धरायचं आहे, हा योग देवीनंच आणला. "डाक्टर त्याचं करल, देवी तिचं करल. तू मधी पडू नको." वहिनीच्या अंगावर कधी जाईल याचा नेम नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं. आणि त्यावरचा उपायही ठाऊक होता. तो उपाय माझ्या दुकानात दुसऱ्या फळीवर असायचा.

पाळी पुढे ढकलायची गोळी. गौरी-गणपती, नवरात्र, लग्नाची हळद, सत्यनारायण... आमच्याकडे या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, म्हणजे लागते, पण कोणी आणत नाही आणि आम्ही मागत नाही. बायका दुकानात आल्या की आधी एक साबण घेतात, मग इकडेतिकडे बघतात, मग म्हणतात, "ती द्या." ती म्हणजे कुठली, हे विचारायचं नसतं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी होती. आई वहिनीला घेऊनच आली. गर्दीला बाजूला सारत म्हणाली, "अनंता, धा दिवसांच्या दे." मी आईला म्हणालो, "अगं, तिची ट्रीटमेंट चालू आहे." आई म्हणाली, "मंग? ती काय इख हाय? सगळा गाव खातो." मागे चार बायका उभ्या. एकीनं हसून टोमणाही मारला, "मेडिकलवाल्याच्या घरीच उधारी का काय?" वहिनी काउंटरपाशी सरकली. मला हळूच विचारलं, "भावोजी, चालल ना ही? बाईंना फोन करता का?"

बाईंचा नंबर माझ्या खिशात होता. पण गर्दी होती, आई समोर होती, आणि फोन केला तर बाई नाही म्हणतील हे मला माहीत होतं, मग घरात तमाशा होणार. मी म्हणालो, "काय होत नाय. घे."

"तुमी म्हणता तर घेते," ती म्हणाली, आणि पदरात बांधून घेऊन गेली.

ते नऊ दिवस आमचं घर जिवंत झालं होतं. वहिनी सकाळी माळ बांधायची, नैवेद्य ठेवायची, आणि ज्या दिवशी बोलावलं असेल त्या दिवशी मी तिला कल्याणला नेऊन आणायचो. सहाव्या माळेला अंडी काढली. दादा रजा काढून आला होता. अकरा निघाली, सगळी कच्ची, जशी हवी तशी. सुईमुळे थोडं रक्त गेलं, तेव्हा वहिनीला भीती वाटली की आता घटाचं काय. पण आईनं जागच्या जागी शास्त्र काढलं, "सुईनं आलेलं रगत इटाळाचं नसतं." इतक्या सहज नियम वाकत होता... मग तो आधी थोडा वाकवता आला नसता का, हे मी आईला तेव्हा विचारलं नाही. मी तेव्हा काहीच विचारलं नाही. दोन दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन आला. अकरापैकी सात पिकली. फोन मी स्पीकरवर टाकला होता. वहिनीनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि घटाकडे बघितलं. घटातलं धान बोटभर उगवून आलं होतं. दसऱ्याला बातमी आली की तीन गर्भ चांगले वाढताहेत. त्या दिवशी सोनं वाटताना वहिनीनं माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाली, "भावोजी, तीन हायत. एक तुमाला काका म्हणल, एक तुमचं दुकान लुटल, आन् तिसरं तुमच्यासारकं गप बसल."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गर्भ आत ठेवायचे होते. दादाला धरणावरून सुटता आलं नाही, म्हणून वहिनीबरोबर मीच गेलो. बाईंनी सोनोग्राफी केली आणि स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग केबिनमध्ये येऊन म्हणाल्या, "अस्तर मला पटत नाहीये. वेळेच्या पुढे गेल्यासारखं दिसतंय. बाहेरून कुठली हार्मोनची गोळी घेतलीत का? पाळी पुढे ढकलायची वगैरे? सण होते म्हणून विचारते. घेतली असेल तर अजिबात घाबरू नका. गर्भ गोठवून ठेवू, दोन महिन्यांनी नीट तयारी करून ठेवू. काही बिघडत नाही. पण मला खरं कळायला हवं."

याहून सोपा प्रश्न माणसाला कोणी विचारू शकत नाही. घेतली असेल तर काही बिघडत नाही, हेसुद्धा त्यांनी सांगून टाकलं होतं. वहिनी खुर्चीत वळली. तिनं माझ्याकडे बघितलं. लहान पोर मास्तरांनी विचारल्यावर बापाकडे बघतं, तसं. तिला वाटलं असणार, भावोजींना कळतं, काय सांगायचं ते तेच सांगतील. आणि बाईही माझ्याकडे बघू लागल्या. घरात फार्मासिस्ट आहे हे बरं आहे, असं ज्यांनी म्हटलं होतं त्या बाई. त्यांच्यासमोर मी कसं म्हणू, की त्याच फार्मासिस्टनं, चिठ्ठीशिवाय, स्वतःच्या हातानं दिली?

मी म्हणालो, "नाही, मॅडम. तसं काही नाही."

बाईंनी पुन्हा एकदा विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. तिन्ही गर्भ त्याच दिवशी आत ठेवले गेले. परत येताना वहिनी गाडीत पोटावर हात ठेवून बसली होती, रस्त्यात खड्डा आला की ड्रायव्हरला म्हणायची, "हळू रे बाबा, तिघंजण झोपलेत." मी पुढच्या सीटवर बसून हसलो. हसलो मी.

पंधरा दिवसांनी रक्त तपासलं. काही नव्हतं.

आता यात एक पळवाट आहे आणि अकरा वर्षं मी त्या पळवाटेत राहिलो. गोळी नसती घेतली तरी गर्भ धरलाच असता असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बाईंनी हमी दिली नव्हतीच. असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल... पण पळवाटेच्या तोंडाशी एक गोष्ट कायम बसून असायची. तिन्ही गर्भ गोठवता आले असते. संधी तशीच्या तशी शिल्लक राहिली असती. त्यासाठी फक्त माझा एक होकार हवा होता. बाईंनी पुन्हा प्रयत्न करू म्हटलं, पण आईनं ठरवून टाकलं होतं. "अंडी पिकली, गर्भ झालं, डाक्टरानं समदं केलं, देवीनं समदं केलं. हिच्याच कुशीत थारा नाय." हे वाक्य आरतीला येणाऱ्या सात घरांत गेलं, आणि तिथून गावात. प्रयोगशाळेत सगळं नीट झालं, हाच वहिनीविरुद्धचा पुरावा ठरला. आधी निदान नशीब होतं, डॉक्टर होते, दादा होता. आता दोष एकटीचा. तिला हळदीला बोलवणं बंद झालं. गरोदर बायकांच्या ओटीला ती गेली तर बायका ताट दुसऱ्या हातात सरकवायच्या. दादानं कधी तिला शब्दानं दुखावलं नाही, पण त्याचं वसाहतीतल्या खोलीवर राहणं वाढत गेलं.

माझं लग्न उशिरा झालं. त्या नवरात्रानंतर दोन वर्षांनी मुलगी झाली. बायकोचं बाळंतपण वहिनीनं केलं, शेक-शेगडी, तेल, डिंकाचे लाडू, सगळं. बारशाच्या दिवशी पाळणा वहिनीनंच सजवला. पण मुलीला पाळण्यात घालायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "वनिता, तू भाताकडं बघ गो जरा. करपल." सगळ्यांना कळलं. भात केव्हाच उतरवलेला होता. वहिनी उठली आणि आत गेली. मी बाप होतो त्या पोरीचा, मी म्हणू शकलो असतो की नाही, वहिनीच घालेल पाळण्यात. मी पाळण्याची दोरी धरून उभा राहिलो.

पाहुणे गेल्यावर मागच्या अंगणात ती पातेली घासत होती. मी पाण्याची बादली ठेवायला गेलो. मान वर न करता ती म्हणाली, "भावोजी, एक इचारू? रागवायचं नाय."

"विचार की."

"ती नवरात्रातली गोळी... तिच्यानं तर नाय ना झालं तसं? बाई त्या दिवशी इचारत हुत्या. मला सारकं डोक्यात येतंय."

समोर कोणी नव्हतं. आई आत होती. डॉक्टरबाई नव्हत्या, गिऱ्हाईक नव्हतं, अब्रूचा प्रश्न नव्हता. मी म्हणालो, "नाही गं वहिनी. तसं काही नसतं."

तिनं पातेलं पालथं घातलं. "मंग बरं," म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "मंग माझंच."

या दोन शब्दांवर मी पुढची नऊ वर्षं जगलो. ती त्यानंतर त्या विषयावर बोलली नाही. माझ्या मुलीला तिनं वाढवलं. पोर आईआधी तिला हाक मारायची. वहिनी पूर्वीसारखीच चिडवायची, हसायची. मात्र दवाखान्याची पायरी ती पुन्हा चढली नाही. ताप आला तर काढा, दात दुखला तर लवंग. मी दुकानातून काही आणून दिलं तर फळीवर ठेवून द्यायची आणि मुदत संपली की परत करायची. "ही घ्या तुमची ठेव," म्हणायची.

या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आधी अन्न जाईना, मग डोळे पिवळे. मी म्हणालो, रक्त तपासू, शहापूरला जाऊ. ती म्हणाली, तिच्या माहेराकडे एक म्हातारा काविळीचा पाला देतो, तिचा आजा-पणजा त्यावरच बरा झाला. मी हट्ट केला तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसत हसतच म्हणाली, "नको भावोजी. तुमच्या गोळ्या गावाला द्या. मला नाय लागू पडत." एखाद्या दुसऱ्या दिरानं तिला उचलून गाडीत घातलं असतं. मला तो अधिकार उरला नव्हता, आणि का उरला नव्हता हे एकट्या मला ठाऊक होतं. ती माहेरी गेली, दहा दिवस पाल्याचा रस प्यायली. दादा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला तेव्हा ती नीट शुद्धीवरही नव्हती. डॉक्टर म्हणाले, यकृत संपलंय, आठवडाभर आधी आणायला हवं होतं.

शेवटचं भेटलो ते तिथेच. त्या दिवशी ती जरा सावध होती. मी ठरवून गेलो होतो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. खाटेशेजारी स्टुलावर बसलो, तिचा हात हातात घेतला, नखांपर्यंत पिवळा. म्हणालो, "वहिनी, मला तुला एक सांगायचंय." ती म्हणाली, "पोरगी जेवली?" मी म्हणालो, "जेवली." "वेणी कोण घालतं तिची?" "तिची आई घालते." "घट्ट घालू नका म्हणावं, डोकं दुखतं तिचं." मग तिला झोप लागली. मी अर्धा तास बसून राहिलो आणि उठून आलो. उद्या सांगू असं मनाशी म्हणालो. पण खरं सांगायचं तर तिला झोप लागली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं...

तेराव्यानंतर मी आईला सांगितलं. आता ती ऐंशीच्या पुढची, कानांनी कमी. सगळं ओरडून सांगावं लागलं, जे अकरा वर्षं पुटपुटलोही नव्हतो ते. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "आन् घट मोडला असता तर? सात घरांना काय तोंड दाखवलं असतं?" मी म्हणालो, "आई, तीन गर्भ होते." ती म्हणाली, "गेलेल्या बाईचं काय उकरतोस," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. रडत होती की झोपली होती, मला कळलं नाही, मी बघितलंही नाही.

मग भातसानगरला दादाकडे गेलो. ड्युटी संपवून तो खोलीच्या ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं, आईनं मागितलेली गोळी, माझं दुकान, बाईंचा प्रश्न, माझं उत्तर, बारशाच्या दिवशीचं अंगण. तो मला मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं एकच विचारलं, "तिला सांगितलंस?"

"नाही."

"मंग मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "अकरा वर्सं मी पण तिलाच... मनातल्या मनात, तिलाच धरत हुतो, अनंता. तोंडानं बोललो नाय येवढंच. तिला ते कळत नव्हतं का?" मग उठला, आत जाता जाता दारात थांबला. "गावाला सांग. गाव तिला काय म्हणत हुतं ते तू रोज दुकानात बसून ऐकलंस. माझ्या कानात सांगून मोकळा होऊ नको."

म्हणून हे पेपरात लिहितोय. आमच्या भागात ही पुरवणी नाक्यावरच्या चहाच्या टपरीत मोठ्यानं वाचली जाते. वाचणाऱ्यानं हे वाक्य जरा मोठ्यानं वाचावं: वनितावहिनीच्या कुशीत दोष नव्हता. तिची अंडी पिकली होती, गर्भ झाले होते, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर मी खोटं बोललो.

दुकान चालूच आहे. ती गोळी अजून दुसऱ्या फळीवर आहे. गौरी आठ दिवसांवर आल्यात आणि बायका येताहेत, साबण घेताहेत, इकडेतिकडे बघताहेत. फरक एवढाच की आता मी प्रत्येकीला विचारतो, मुलासाठी काही उपचार चालू आहेत का? चिठ्ठी आहे का? बऱ्याच जणी रागावतात. एकीनं तर सुनावलं, "गोळी मागितली, कुंडली नाय." परवा एक सासू-सून आल्या. सून पंचविशीची असेल, हातात दवाखान्याची निळी फाईल, पदराखाली लपवलेली. मी विचारलं तर सासू म्हणाली, "तिला काय बी चालू नाय. द्या तुमी." मी म्हणालो, "मावशी, मी तिला विचारलं." पोरीनं फाईल पदरात आणखी आत सरकवली. तिनं सासूकडे बघितलं. ते बघणं मी ओळखतो.

मी देत नाही म्हणालो. सासूनं मला शिव्या घातल्या, रस्ता ओलांडला आणि समोरच्या मेडिकलमध्ये गेली. सून आमच्या पायरीवरच थांबली. फाईल छातीशी धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, घेतली तर काय व्हतं?"

मी काउंटर सोडून बाहेर आलो. इतक्या वर्षांनी कोणीतरी पुन्हा तोच प्रश्न मला विचारत होतं. कुठून सुरुवात करावी कळेना. "आमची एक वहिनी होती..." एवढंच म्हणालो, तोच रस्त्यापलीकडून हाक आली.

"चल गो, मिळाली."